खोट्या बंदुकीची परीक्षा

गोष्ट तशी लहान आहे. ती सांगावी की नाही, याचा विचार करण्यातच आमचे एक वर्ष गेले.

गेल्या वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापकांनी आम्हाला ऑफिसात बोलावले. टेबलावर हजेरीपटांच्या शेजारी जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांबट वस्तू होती. त्यांनी चादर बाजूला केली आणि आमच्या हातातला चहा बशीत सांडला. काळी, आखूड नळीची, पुढे वाकलेल्या मॅगझिनची मशीनगन! "घाबरू नका सर, खोटी आहे," मुख्याध्यापक हसून म्हणाले. पण चादर सोडण्याआधी त्यांनी उठून खिडकी लावून घेतली होती, हे आमच्या लक्षात आले.

26 जानेवारीला आठवीची मुले परमवीर अब्दुल हमीद यांच्यावर नाटिका करणार होती. जुन्या नाशकातल्या आमच्या उर्दू शाळेत ही नाटिका दर दोन-तीन वर्षांनी होतेच. त्यासाठी लाकडी बंदुका होत्या, पण त्यांना वाळवी लागली. शाळेचा एक माजी विद्यार्थी मुंबईत मालिकांच्या शूटिंगला सामान पुरवणाऱ्याकडे कामाला आहे. त्याने आपल्या शाळेवरच्या प्रेमापोटी मालकाला विचारून ही बंदूक पंधरा दिवसांसाठी आणून दिली होती. "आपण सायन्सचे आहात. नीट तपासा. मुलांच्या हातात देण्यासारखी आहे की नाही, दोन ओळी लिहून द्या," मुख्याध्यापक म्हणाले.

आम्हाला कामाचा मनापासून आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. बंदुकीचे आकर्षण पुरुषाच्या मनातून सहजी जात नाही. ईदच्या दिवशी त्र्यंबक रोडवरच्या ईदगाहबाहेर फुगे आणि पिपाण्यांच्या शेजारी प्लॅस्टिकची पिस्तुले टांगलेली असत. ईदीचे पहिले दहा रुपये आमचे तिथेच जात. आता बी.एड. झालेल्या माणसाच्या हातात सरकारी भाषेत 'मूल्यमापन' म्हणून तीच हौस आली होती.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की, मूल्यमापनाची सुरुवात उद्दिष्टापासून करावी. वस्तू चांगली की वाईट हा प्रश्नच चुकीचा; कशासाठी चांगली, हा खरा प्रश्न. पण हौसेपुढे उद्दिष्ट मागे पडले आणि आम्ही यंत्रापासून सुरुवात केली.

ही बंदूक 'एमपी-5' या जर्मन सबमशीनगनची नक्कल होती. आपल्या पोलिसांत अशा आखूड बंदुकीला कार्बाइन म्हणतात. मूळ बंदूक हेकलर अँड कॉख या कंपनीने 1960 च्या दशकात तयार केली. ती पिस्तुलाची 9 मि.मी.ची गोळी झाडते. 1980 साली लंडनमधल्या इराणी वकिलातीतून ओलिसांना सोडवताना ब्रिटिश कमांडोंच्या हातात ती जगाने टीव्हीवर पाहिली आणि तेव्हापासून तिचे नाव झाले. आपल्या एनएसजीकडेही ती आहे. नक्कल मात्र जपानी खेळाच्या परंपरेतली. जपानात सामान्य माणसाला खरी बंदूक बाळगणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे तिथल्या हौशी लोकांनी प्लॅस्टिकचे 6 मि.मी.चे गोल छर्रे हवेच्या दाबाने उडवणाऱ्या हुबेहूब बंदुकांचा खेळ काढला. त्याला एअरसॉफ्ट म्हणतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तोक्यो मारुई या कंपनीने त्यात बॅटरी आणि मोटर बसवली.

रविवारी शाळेत कोणी नसताना आम्ही ती उघडून पाहिली. दस्त्यात बॅटरी, मुठीत मोटर. चाप ओढला की मोटर तीन दातेरी चाके फिरवते. चाके दट्ट्या मागे ओढून स्प्रिंग दाबतात. शेवटच्या चाकाचे दाते संपले की दट्ट्या सुटतो आणि पुढच्या हवेला धक्का देतो. त्या हवेने छर्रा बाहेर पडतो. हे सगळे एका सेकंदात दहा-बारा वेळा. सायकलच्या पंपात आणि शिलाई मशीनमध्ये जे आहे त्याहून वेगळे त्यात काही नव्हते, पण जुळणी इतकी नेटकी की वाहवा म्हणावेसे वाटले. नळीच्या सुरुवातीला रबराचा एक बारीक उंचवटा होता. छर्रा त्याला घासून जातो तेव्हा त्याला उलटी फिरकी मिळते. फिरकीमुळे तो हवेत जरा तरंगतो आणि लवकर खाली पडत नाही. फिरकी गोलंदाजाच्या बोटाचे काम इथे रबर करते.

वेग मोजायचे यंत्र आमच्याकडे नव्हते. मग युक्ती केली. दहा मीटरवर बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला आणि मोबाइल तोंडाजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड केला. एक आवाज बंदुकीचा, दुसरा डब्याचा. दोहोंत 0.16 सेकंदाचे अंतर निघाले. डब्याचा आवाज आपल्यापर्यंत यायला 0.03 सेकंद लागतात. ते वजा केले तर छर्‍याला 0.13 सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला सरासरी 75 मीटरच्या पुढे. हलका छर्रा हवेत झपाट्याने मंदावतो, म्हणून नळीच्या तोंडाशी वेग 90 च्या आसपास धरला. छर्‍याचे वजन 0.20 ग्रॅम. वर्गात ज्याला आम्ही 'हरकी तवानाई' म्हणून शिकवतो ती गतिज ऊर्जा काढली: 0.8 ज्यूल. जपानच्या कायद्याची मर्यादा 0.98 ज्यूल आहे, त्याच्या आतच. खऱ्या एमपी-5च्या गोळीची ऊर्जा सहाशे ज्यूलच्या पुढे जाते. वर्तमानपत्राची दोन पाने भोकसली, जाड पुठ्ठ्यावर खळगा पडला, बाटलीला काही झाले नाही.

वाचकांना हे सगळे पोरकट वाटेल. पण या आकड्यांनी आम्हाला खरोखर बरे वाटले. एक ज्यूल म्हणजे शंभर ग्रॅमचे सफरचंद एक मीटर उचलण्याएवढे काम. असल्या वस्तूला काय भ्यायचे? धोका फक्त डोळ्याला. एवढ्या ऊर्जेचा छर्रा बुब्बुळावर लागला तर आत रक्त उतरते, दृष्टीही जाऊ शकते. ईदनंतर अशा खेळण्यांनी डोळे दुखावलेली मुले दवाखान्यात आल्याच्या बातम्या काश्मिरातून, इराकातून आपण वाचतोच. पण छर्रे भरलेच नाहीत आणि बॅटरी काढून ठेवली की हाही प्रश्न मिटतो. वाण्याच्या काट्यावर ठेवण्याची हिंमत झाली नाही. घरच्या वजनकाट्यावर 1 किलो 400 ग्रॅम भरली. आठवीच्या मुलाला पेलण्यासारखी.

अहवालाचा पहिला मसुदा आम्ही तिथेच लिहिला : वस्तू उत्तम, सुरक्षित, छर्रे व बॅटरी वगळून वापरण्यास हरकत नाही.

लिहून झाल्यावर एक बारीकशी गोष्ट खटकली. ही सगळी परीक्षा आम्ही शाळेच्या हॉलमध्ये खिडक्या लावून, ट्यूबलाइट पेटवून घेतली होती. गच्ची मोकळी होती. तिथे उजेड होता, दहा मीटरच काय, पंचवीस मीटर जागा होती. आधी गच्चीकडेच पावले वळली होती. जिन्याच्या निम्म्यातून आम्ही परत फिरलो, आणि का फिरलो हे स्वतःलाही विचारले नाही. शाळेचे शिपाईचाचा हॉलच्या दाराशी बसून होते. त्यांना आम्ही बसा म्हटले नव्हते.

सोमवारी शाळा सुटल्यावर हमीदची भूमिका करणाऱ्या मुलाला थांबवून घेतले. तेरा वर्षांचा, उंच, हसरा मुलगा. त्याने बंदूक हातात घेतली आणि त्याचा चेहराच बदलला. "सर, एकदम असली लगती ना?" आम्ही त्याला व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला उभे राहायला सांगितले. स्टेजवरून प्रेक्षकांना कसे दिसेल ते पाहायचे होते. तो धावत गेला, वळला आणि बंदूक छातीशी धरून उभा राहिला. मधल्या सुट्टीत नमाज पढून आला होता. डोक्यावरची टोपी तशीच होती. संध्याकाळचा उजेड मागून येत होता.

आम्ही त्याला पाहिले आणि पोटात गोळा आला. तिथे आमचा विद्यार्थी दिसेना. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर काळ्या-पांढऱ्या रंगात छापून येतात तसला एक फोटो दिसला. दहा मीटरवरून छर्‍याचा वेग आम्ही मोजला होता. दहा मीटरवरून मुलगा कसा दिसतो, हे मोजायचे राहून गेले होते.

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला हे फार समजावून सांगावे लागत नाही. 8 सप्टेंबर 2006 ला, शब-ए-बरातच्या शुक्रवारी, मालेगावच्या बडा कब्रस्तानात स्फोट झाले तेव्हा आम्ही शाळेतच शिकत होतो. मेले ते नमाजी होते. पुढे पकडले गेले तेही मुसलमान तरुण होते. नऊ जणांना जामीन मिळायला 2011 उजाडले आणि न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त करायला 2016 चा एप्रिल. त्या सप्टेंबरात एका संध्याकाळी अम्मीने कपाटावरून आमच्या धाकट्या भावाचे टिकल्यांचे पिस्तूल काढले, ओट्यावर ठेवले आणि बत्त्याने फोडले. तुकडे राखेत मिसळून कचऱ्यात टाकले. निळ्या रंगाचे, बोटभर नळीचे प्लॅस्टिकचे पिस्तूल होते ते. तिला कोणी काही सांगितले नव्हते. भाऊ रडला, आम्ही हसलो. अब्बा मात्र काही बोलले नाहीत.

नकलेचा हा धोका आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात 22 नोव्हेंबर 2014 ला तामिर राइस नावाचा बारा वर्षांचा काळा मुलगा बागेत असलेच एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. फोन करणाऱ्याने पोलिसांना सांगितलेही होते की, ते बहुधा खोटे असावे. तो निरोप गाडीतल्या शिपायांपर्यंत पोचला नाही. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत त्याला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. खोट्या बंदुकीच्या तोंडाशी जी नारिंगी खूण तिकडे लावतात ती त्या पिस्तुलाला उरली नव्हती. आम्ही आमच्या टेबलावरच्या बंदुकीची नळी पाहिली. तिचे तोंडही काळेच होते. शूटिंगसाठी रंगवले असावे.

इथे बी.एड.चा धडा आठवला. हुबेहूबपणा हा नकलेचा गुण. पण ज्याच्या हातात ती जाणार त्याच्यासाठी तोच तिचा सर्वांत मोठा दोष ठरत असेल, तर गुण कुठल्या रकान्यात लिहायचे? तोच नमुना, तेवढेच ज्यूल, तेवढेच वजन. हात बदलला की निकाल बदलतो. अशा परीक्षेला आमच्या पुस्तकात विश्वसनीय म्हणत नाहीत. पण चूक बंदुकीच्या परीक्षेत नव्हती, बघणाऱ्याच्या डोळ्यात होती. आणि तो डोळा, व्हरांड्यात उभे असताना, आमचाच होता. हे आम्हाला सर्वांत जास्त लागले.

आम्ही माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो ही बंदूक मुंबईहून कशी आणतो? तो म्हणाला, "सर, कंपनीचं पत्र असतं ना जवळ. कुणी अडवलं तर दाखवायचं." मुख्याध्यापकांना विचारले, शाळेच्या लेटरहेडवर असे एक पत्र मुलाला देता येईल का? ते बराच वेळ पेनाचे टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "सर, पत्र वाचायला वेळ मिळाला पाहिजे ना."

दुसरा अहवाल आम्ही लिहिला तो असा : एक, डोळ्यांना इजा संभवते. दोन, ही बंदूक त्या काळातली नाही. 1965 च्या लढाईत आपल्या शिपायांकडे लाकडी दस्त्याच्या लांब रायफली होत्या. तीन, हमीदसाहेबांचे शस्त्र जीपवर बसवलेली 106 मि.मी.ची रिकॉइललेस तोफ होते, तेव्हा ऐतिहासिक दृष्ट्या ही वस्तू गैरलागू. चार, मस्करीतही आपल्या भावाकडे हत्यार रोखू नये अशी पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. सबब परत करावी.

चारही कारणे खरी होती. एकही खोटे लिहिलेले नव्हते. तरी तो अहवाल खोटा होता, कारण पाचवे कारण त्यात नव्हते आणि निर्णय त्या पाचव्यावरच झाला होता. हदीसचा आधार आम्ही घेतला, तो तर फार मोठा आधार. पण त्या दिवशी आम्ही त्याचा पडदा केला. भीतीला दीनदारीचा सदरा घातला. आपल्या समाजात हे पुष्कळदा होते. मुलीला शिकायला बाहेर पाठवायची भीती वाटते तेव्हा आपण मजहब पुढे करतो. मुलाला मोर्च्यात, स्पर्धेत, गर्दीत पाठवायची भीती वाटते तेव्हाही. मुले पुढे केलेले कारण खरे धरून मोठी होतात आणि पुढे आपल्यावर नाही तर मजहबवर रुसतात.

मुलांना अहवाल वाचून दाखवला. आमचा अब्दुल हमीद गप्प राहिला. मग त्याने विचारले, "सर, बॅटरी निकाल दी तो आँख को क्या होंगा?" आम्ही दुसऱ्या कारणावर गेलो. तो म्हणाला, "पिछले साल के लकडी के बंदूक भी तो उस जमाने के नहीं थे." तिसरे-चौथे कारण त्याने विचारलेच नाही. आमच्याकडे नुसते पाहिले.

मग तोफ केली. आम्हीच सुचवले. नळाच्या कामाला वापरतात तो 110 मि.मी.चा पीव्हीसी पाइप आणला, 106 मि.मी.च्या तोफेला याहून जवळचे माप बाजारात नाही. भाजीवाल्याची हातगाडी दोन तासांसाठी मागून घेतली, तिला पुठ्ठ्याची जीप केली. मुलगा आणि त्याचा मित्र तो पाइप खांद्यावर टाकून दूध बाजारातून, भद्रकालीतून भर गर्दीत शाळेत घेऊन आले. कोणी वळूनसुद्धा पाहिले नाही. नळाचा पाइप होता तो. स्टेजवर चढला तेव्हाच तोफ झाला.

मुन्शी प्रेमचंदांची 'ईदगाह' आपल्या उर्दू आणि हिंदीच्या वर्गांत कितीतरी वर्षे शिकवली जाते. त्यातला हमीद मेळ्यात खेळणी न घेता दादीसाठी चिमटा घेतो, आणि मित्र हसतात तेव्हा तोच चिमटा खांद्यावर ठेवला की बंदूक होतो असे त्यांना पटवतो. आम्ही ही कथा शिकवताना नेहमी त्यागाबद्दल बोलत आलो. त्या दिवशी पाइप येताना पाहून वाटले, त्या पोराला आणखीही काही समजले असावे. ती कथा 1933 ची, आणि धामूपूरचे अब्दुल हमीदही 1933 मध्येच जन्मले. एका हमीदला बंदूक खेळापुरती पुरली. दुसऱ्याने खरी तोफ हातात घेऊन खेमकरणच्या शेतांत पॅटन रणगाडे फोडले आणि 10 सप्टेंबर 1965 ला जीव दिला. आमच्या मुलांना दोघांचाही वारसा सांगता आला पाहिजे. एकाचा सांगताना दुसऱ्याचा लपवावा लागू नये.

26 जानेवारीची नाटिका छान झाली. तोफेचा आवाज पत्र्याच्या पिंपावर लाकूड मारून काढला. टाळ्या पडल्या, अब्दुल हमीद शहीद झाले तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी ओढणीने डोळे पुसले. देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव असतो तेव्हा कधीकधी त्याची धडधड आमच्या वर्गापर्यंत येते. मुले मानही वर करत नाहीत. आवाज कुणाचा आहे ते त्यांना ठाऊक असते. पिंपाच्या आवाजाला मात्र सगळी शाळा दचकली आणि हसली.

बंदूक आम्हीच चादरीत गुंडाळून माजी विद्यार्थ्याच्या गाडीत ठेवली होती. ती गेली, पण पाचवे कारण राहिले. फेब्रुवारीत एकदा शाळा सुटल्यावर आम्ही त्या मुलाला थांबवले. मनाशी बरीच वाक्ये जुळवली होती. त्याला सांगितले की, बेटा, अहवालात आम्ही सगळे लिहिले नव्हते. आम्हाला भीती वाटली. तुला त्या व्हरांड्यात पाहून वाटली. चूक तुझी नव्हती, बंदुकीचीही नव्हती. सरांनी खरे सांगायला पाहिजे होते.

त्याने दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला. आम्हाला वाटले, तो काही विचारेल, कदाचित रागावेल. तसे झाले असते तर बरे वाटले असते.

"मालूम था, सर," तो म्हणाला. "अम्मी ने पहलेच बोल दिया था, वो चीज घर में मत लाना."

आणि आम्हालाच धीर द्यावा तसा हसून तो मित्रांच्या मागे धावत गेला.